ती येईनाशी झाली तेव्हा : एका इंग्रजी गाण्याच्या निमित्ताने

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

आजच्या विषयाचं नाव वाचून काहीजणींनी चहाच्या वेळी मला विचारलंच, की इंग्रजी गाणं कशाला? आपल्याकडे गाणी कमी आहेत का? जात्यावरच्या ओव्या आहेत, चळवळीची गाणी आहेत. प्रश्न रास्त आहे. हे गाणं मी निवडलं ते त्याच्या सुरांसाठी नव्हे, तर ते लिहिणाऱ्याच्या नोकरीमुळे. हा माणूस सरकारी नोकर होता आणि त्याचं काम आपल्या कामाच्या अगदी जवळचं होतं. अपंग माणसांना नोकरी शोधून द्यायची, हे त्याचं काम. त्याच्या टेबलासमोर येऊन बसणाऱ्या एका मुलीवर हे गाणं आहे. म्हणजे एका अर्थानं हा केसपेपरच आहे, फक्त चालीवर म्हटलेला. म्हणून समाजकार्य करणाऱ्यांनी तो एकदा नीट ऐकावा असं मला वाटतं.

गाणं कुठलं, कधीचं

गाण्याचं नाव ‘शीज लॉस्ट कंट्रोल’. जॉय डिव्हिजन या इंग्लंडमधल्या चार तरुणांच्या बँडनं ते १९७९ साली ‘अननोन प्लेझर्स’ या पहिल्या अल्बममध्ये घेतलं. शब्द लिहिणारा आणि गाणारा इयन कर्टिस तेव्हा बावीस वर्षांचा होता. १९७६-७७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये पंक नावाचं बंडखोर, आरडाओरडीचं संगीत आलं. त्या पाठोपाठ जे आलं त्याला पोस्ट-पंक म्हणतात. पंकमधला राग बाहेरच्या जगावर होता. पोस्ट-पंकमध्ये तो आत वळला. गाणी थंड झाली, आवाज एकटे झाले.

हे मुद्दाम कुणी ठरवून केलं नव्हतं. ही मुलं मँचेस्टर आणि आसपासच्या गावांतली. मँचेस्टर कापसाचं, कर्टिसचं मॅकल्सफील्ड रेशमाचं गाव. सत्तरच्या दशकापर्यंत तिथल्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या होत्या. गिरणी गेल्यावर गावाचं काय होतं, घरातल्या माणसांच्या मनाचं काय होतं, हे १९८२ च्या संपानंतरची मुंबई पाहिलेल्या बायकांना मी सांगायला नको. अभ्यासवर्गात आपण ‘परात्मता’ हा जड शब्द शिकतो. माणूस कामापासून, माणसांपासून आणि शेवटी स्वतःपासून तुटतो, एवढाच त्याचा अर्थ. तो या गाण्यात ऐकू येतो.

ती कोण होती

कर्टिस मॅकल्सफील्डच्या रोजगार कार्यालयात अपंग पुनर्वसन विभागाचा साहाय्यक अधिकारी होता. इंग्लंडमध्ये १९४४ साली यासाठी कायदा झाला होता. वीस किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या मालकानं तीन टक्के नोंदणीकृत अपंग कामगार ठेवावेत, असा तो नियम. शिवाय दोन कामं खास राखून ठेवली होती : लिफ्ट चालवणं आणि गाड्यांच्या तळावर देखरेख करणं. राखीव जागांमागची दृष्टी एवढ्यावरून कळते. तीन टक्क्यांचा नियमही फारसा पाळला गेला नाही. मालकांवर खटले झाले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

या कार्यालयात एक तरुण मुलगी नोकरीसाठी यायची. तिला अपस्मार होता, म्हणजे फिट यायच्या. मिळालेलं काम फिट आली की जायचं. मग ती पुन्हा येऊन रांगेत बसायची. काही दिवसांनी ती येईनाशी झाली. कर्टिसला वाटलं, लागली असेल कुठेतरी नोकरी. पुढे चौकशी केली तेव्हा कळलं की फिट येऊन ती मेली होती. त्याचा सहकारी बर्नार्ड समनर यानं ही हकिकत पुढे सांगितली आहे.

मैत्रिणींनो, मला या सगळ्या हकिकतीत एकच वाक्य टोचतं : ‘नोकरी लागली असेल.’ बाई केंद्रावर यायची थांबली की त्याचे दोन अर्थ निघतात. तिचं भलं झालं असेल, किंवा तिचं काही बरंवाईट झालं असेल. रजिस्टरमध्ये दोन्हींची नोंद एकसारखी दिसते : तारखेपुढे कोरी जागा. कामाचा ढीग पडलेला असतो, माणसं कमी असतात, अशा वेळी यंत्रणा पहिला अर्थ धरते, कारण तो सोयीचा असतो. कर्टिस निर्दय होता असं नाही. उलट तो हळवा होता, म्हणून तर त्या मुलीचं मरण त्याच्या मनातून गेलं नाही. पण हळवेपणा ही व्यक्तीची गोष्ट आहे आणि फॉलोअप ही व्यवस्थेची. एकाची भरपाई दुसऱ्यानं होत नाही.

थंड आवाज

आता गाणं कसं आहे ते सांगते, कारण ऐकवायची सोय इथे नाही. ढोल ठरावीक ठेक्यात, यंत्रासारखा वाजत राहतो. ठोक्याबरोबर एक ‘फस्स’ असा आवाज येतो. ढोल वाजवणाऱ्या स्टीफन मॉरिसनं तो स्प्रेच्या डब्यातून काढला होता. बास गिटार वरच्या पट्टीत एकच सुरावट परत परत वाजवते. निर्माता मार्टिन हॅनेटनं प्रत्येक वाद्य असं वेगळं आणि लांब ठेवलं आहे, की चार माणसं एका खोलीत वाजवताहेत असं वाटतच नाही. आणि त्यावर कर्टिसचा खालच्या सुरातला, जवळजवळ सपाट आवाज.

शब्दांत काय घडतं? एक मुलगी. तिचं शरीर तिच्या ताब्यातून सुटतं. बघणारा घाबरतो, ती मरेल असं त्याला वाटतं, तिच्या माणसाला फोन करून कळवावं लागतं. प्रसंग एवढा भयंकर, पण संगीत एकदाही ताबा सोडत नाही. ठेका अडखळत नाही, आवाज चढत नाही. आपण केसपेपरवर लिहितो ना, ‘सदर महिलेस मारहाण झाली असून’, तसा तो सूर आहे. बघणाऱ्याचा ताबा पक्का आहे म्हणून बघितलं जाणाऱ्या बाईचा सुटलेला ताबा जास्त उठून दिसतो. या गाण्यातलं तुटलेपण त्या मुलीच्या आजारात कमी आहे. ते टेबलाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या खुर्चीमधल्या अंतरात आहे.

गाण्याच्या नावाबद्दलही थोडं बोलायला हवं. पार्श्वभूमी माहीत नसताना कुणी हे नाव वाचलं, तर त्याला आजार आठवणार नाही. वाह्यात बाई आठवेल. आपल्या भाषेत ‘हाताबाहेर गेली’ म्हणतात. मुलगी हाताबाहेर गेली म्हणताना तो हात कुणाचा, हे कुणी विचारत नाही. बाईचं शरीर, तिचा राग, तिचं रडणं, सगळं कुणाच्या तरी ताब्यात असायला हवं हे गृहीतच धरलेलं. म्हणून फिट येणारी बाई नुसती आजारी ठरत नाही, ती लाजिरवाणी ठरते.

‘ती’पासून ‘मी’पर्यंत

एका गोष्टीचं श्रेय मात्र या गाण्याला द्यायला हवं. बघणारा बोलत असला तरी त्यानं त्या मुलीला मुकं ठेवलेलं नाही. ती वळते, त्याचा हात धरते आणि आपला ताबा गेल्याचं स्वतःच्या तोंडानं सांगते. हा ‘मी’ सुरुवातीला तिचा आहे.

पुढे जे झालं ते विलक्षण आहे. १९७८ च्या डिसेंबरात कर्टिसला स्वतःला मोठी फिट आली. १९७९ च्या जानेवारीत अपस्माराचं निदान झालं. त्याच महिन्याच्या अखेरीस बँडनं हे गाणं बीबीसी रेडिओसाठी मुद्रित केलं. खुर्ची बदलली होती. ज्या आजारानं काय काय हातचं जातं हे तो फायलींतून वाचत होता, तो आजार आता त्याच्या घरी आला होता. त्या वेळच्या औषधांचे दुष्परिणाम कडक होते, मनावरही होत असत. कार्यक्रमात त्याचं नाचणं आधीपासूनच झटक्यांसारखं असे. पुढे रंगमंचावर खरोखरच फिट यायला लागल्या तेव्हा समोरच्या कित्येकांना तो नाचच वाटला. १९८० मध्ये याच गाण्याचं जे लांब रूप निघालं त्यात कर्टिसनं एक कडवं वाढवलं. त्यात ‘ती’ नाही. त्यात तो स्वतःबद्दल बोलतो.

समीक्षक याला अंतर्मुखता म्हणतात. असेलही. पण आपल्या चळवळीत आपण दोन शब्द वेगळे ठेवतो, अंतर्मुखता आणि आत्मपरीक्षण. अंतर्मुख माणूस स्वतःच्या वेदनेकडे बघतो. आत्मपरीक्षण करणारा स्वतःच्या जागेकडे बघतो. आपण कुठल्या खुर्चीत बसलो आहोत, समोरची कुठे बसली आहे, तिच्या हालांत आपल्या कार्यालयाचा, आपल्या घराचा वाटा किती, असं तो विचारतो. या गाण्यात पहिली गोष्ट भरपूर आहे, दुसरीची नुसती सुरुवात आहे. पुढे जायला कर्टिसला वेळ मिळाला नाही. १९८० च्या एप्रिलमध्ये त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला. त्यानंतरही कार्यक्रम चालूच राहिले. १८ मे १९८० रोजी त्यानं आत्महत्या केली. अमेरिकेचा दौरा अगदी तोंडावर होता. वय तेवीस. आपण त्याच्या शब्दांकडे कधी नीट लक्षच दिलं नव्हतं, असं त्याच्या सहकाऱ्यांनी पुढे मुलाखतींतून सांगितलं. मनातलं लख्ख सांगणारी गाणी शेजारी उभं राहून वाजवता येतात आणि तरी ती ऐकू येत नाहीत. एखाद्यानं दुःख व्यक्त केलं म्हणजे मदत त्याच्यापर्यंत पोचली, असं धरून चालता येत नाही.

गाण्याच्या आसपासच्या बायका

कर्टिसच्या एकटेपणावर जगभर पुस्तकं निघाली. आपण मात्र त्या अल्बमच्या आसपास कुठल्या बायका आहेत ते पाहू.

एक तर ती मुलगी. गाण्यात तिला नाव नाही.

दुसरी, कर्टिसची पत्नी डेबोरा. १९७५ साली, दोघंही विशीच्या आत-बाहेर असताना, त्यांचं लग्न झालं. १९७९ च्या एप्रिलमध्ये, या अल्बमचं ध्वनिमुद्रण चाललं होतं त्याच महिन्यात, त्यांना मुलगी झाली. बँडच्या कार्यक्रमांना बायकांनी, मैत्रिणींनी येऊ नये असं वातावरण होत गेलं. पुढे कर्टिसनं नोकरी सोडली. तान्हं मूल, तुटपुंजी कमाई, आजारी नवरा, त्याचं दुसरीवरचं प्रेम आणि सुरू झालेली घटस्फोटाची कारवाई, एवढं सगळं एका तरुण मुलीच्या अंगावर होतं. १८ मेच्या सकाळी दार उघडून आत गेली तीही तीच. पंधरा वर्षांनी, १९९५ साली, तिनं ‘टचिंग फ्रॉम अ डिस्टन्स’ हे पुस्तक लिहिलं. नवऱ्याला तिनं देव केलं नाही आणि राक्षसही केलं नाही. त्याच्या दुःखाचं घरातलं बिल कुणी भरलं, ते शांतपणे मांडलं. २००७ चा ‘कंट्रोल’ हा चित्रपट याच पुस्तकावर आधारलेला आहे.

तिसऱ्या त्या बायका, ज्यांच्यावरून बँडचं नाव आलं. जॉय डिव्हिजन हे शब्द नाझी छळछावण्यांवरच्या एका कादंबरीतले आहेत. छावणीत ज्या स्त्रियांना सैनिकांच्या भोगासाठी कोंडून ठेवलं होतं, त्यांच्या विभागाचं ते नाव. कादंबरीतला शब्द सोडला तरी नाझी छावण्यांमध्ये स्त्रियांना वेश्यालयांत डांबलं गेलं हा इतिहास आहे. चार तरुणांनी ते नाव आपल्या बँडला दिलं. त्यावर तेव्हाही टीका झाली. आपण अत्याचाऱ्यांची नव्हे, अत्याचार झालेल्यांची बाजू घेतली होती, असा खुलासा केला गेला. मला तो पुरेसा वाटत नाही. पीडित स्त्रियांचं नाव बिल्ला म्हणून छातीवर लावलं की त्यांची बाजू घेतली, असं होत नाही.

चौथी बाई मुखपृष्ठावर आहे, पण दिसत नाही. काळ्या पार्श्वभूमीवरच्या त्या पांढऱ्या, डोंगररांगांसारख्या रेघा आता टी-शर्टवर सगळीकडे दिसतात. आपल्याकडची मुलंमुलीही ते घालतात. ते एका ताऱ्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरींचं चित्र आहे. पल्सार प्रकारचा हा पहिलाच सापडलेला तारा. १९६७ साली तो शोधला जोसलिन बेल या केंब्रिजच्या संशोधक विद्यार्थिनीनं. १९७४ चं नोबेल त्या शोधासाठी मिळालं ते तिच्या मार्गदर्शकाला. २०१८ साली तिला तीस लाख डॉलर्सचं एक मोठं पारितोषिक मिळालं. विज्ञानात ज्यांना सहज जागा मिळत नाही अशा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी तिनं ते सगळं देऊन टाकलं.

त्या काळातल्या बायका फक्त मुखपृष्ठावर आणि फायलीतच होत्या असं मात्र समजू नका. १९७९ मध्येच ‘द स्लिट्स’ आणि ‘द रेनकोट्स’ या मुलींच्या बँडचे अल्बम आले. रेनकोट्सच्या एका गाण्यामागे सैनिकानं केलेल्या बलात्काराची घटना आहे. त्या सैनिकाची लष्करातली नोकरी वाचावी म्हणून वरच्या न्यायालयानं त्याची शिक्षा हलकी केली होती. त्याच वर्षी आपल्याकडे मथुरा प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर चार प्राध्यापकांनी खुलं पत्र लिहिलं आणि पुढे महाराष्ट्रात बायका रस्त्यावर आल्या, हे आपल्याला पाठ आहे. आणि १९८० मध्ये ‘शीज लॉस्ट कंट्रोल’ ग्रेस जोन्स या जमैकात जन्मलेल्या कृष्णवर्णीय गायिकेनंही गायलं. बाईच्या तोंडून ते ऐकताना टेबलाच्या दोन बाजूंमधलं अंतर कमी झाल्यासारखं वाटतं.

आपल्या केंद्रावर येणारी ‘ती’

आता आपल्या कामाकडे येऊ. फिट, आकडी, फेफरं, मिरगी, सगळी एकाच आजाराची नावं. जगात सुमारे पाच कोटी माणसांना तो आहे. योग्य उपचार मिळाले तर त्यातल्या सत्तर टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरी आपल्याकडे मुलीचा आजार लग्न जमेपर्यंत लपवला जातो. सासरी कळू नये म्हणून गोळ्या बंद होतात. गोळ्या बंद झाल्या की फिट येते, कधी नेमकी चुलीपुढे. मग बाहेरची बाधा ठरते, नाही तर माहेरी पाठवणी.

कायद्यानंही बराच काळ हातभार लावला. १९७६ च्या दुरुस्तीनं हिंदू विवाह कायद्यात वेडाबरोबर अपस्माराचे वारंवार येणारे झटके हीसुद्धा विवाहाला आड येणारी गोष्ट ठरवली. १९९९ साली तो शब्द काढून टाकला. म्हणजे आज नुसती फिट येते म्हणून लग्न रद्द होऊ शकत नाही. पण ‘लपवून फसवलं’ असा दावा अजूनही लावला जातो. म्हणून लग्नाआधी मुलीच्या घरच्यांशी बोलताना आजार लपवू नका, हे आपण ठामपणे सांगायला हवं. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांच्या यादीतही अपस्माराचा नावानं उल्लेख नाही. नोकरीच्या रांगेत बसलेल्या आपल्याकडच्या मुलीला तो आधारही सरळ मिळत नाही.

दोन-तीन गोष्टी सगळ्यांनी लिहून घ्या. फिट आलेल्या बाईला कांदा, चप्पल काही हुंगवू नका. तोंडात चमचा, पाणी घालू नका, हातपाय दाबून धरू नका. डोक्याखाली मऊ काही ठेवा, कुशीवर वळवा, घड्याळ बघा. झटका पाच मिनिटांहून जास्त चालला तर लगेच दवाखान्यात न्या. फिटच्या काही गोळ्यांमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होतो. व्हॅल्प्रोएट हे औषध गरोदरपणी बाळाला घातक ठरू शकतं. म्हणून मूल होण्याच्या वयातल्या प्रत्येकीनं याबद्दल डॉक्टरांना विचारायला हवं. पण स्वतःच्या मनानं गोळी बंद करायची नाही, तीच सगळ्यांत धोक्याची गोष्ट. आणि आजाराबरोबर मन खचलेलं असेल, जगू नये असं कुणी बोलत असेल, तर ते बोलणं गाणं समजून सोडू नका. तिच्यापाशी बसा आणि टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक तिच्यासमोरच लावा.

चर्चेसाठी

आता गट करून बसायचं आहे. प्रत्येक गटानं दोन प्रश्न घ्यावेत. पहिला : आपल्या केंद्राच्या रजिस्टरमध्ये गेल्या वर्षभरात येईनाशा झालेल्या बाया किती, आणि त्यातल्या कितींबद्दल आपल्याला खात्रीनं काही सांगता येतं? दुसरा : बाई सलग दोन तारखांना आली नाही तर तिच्याकडे कुणी, किती दिवसांत आणि कसं जायचं? नवऱ्याच्या फोनवर फोन करून तिला आणखी अडचणीत न टाकता हे कसं जमेल? उत्तरं कागदावर लिहा, खाली जबाबदार कार्यकर्तीचं नाव घाला. मॅकल्सफील्डच्या त्या कार्यालयात असा कागद असता तर ती मुलगी वाचली असती, असा दावा मी करणार नाही. पण ती कुठे आहे हे कुणीतरी वेळेवर विचारलं असतं.